अर्ज कार्तिकात, फळ ग्रीष्मात



दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका स्नेह्यांच्या घरी तळ्यास जाण्याचा योग आला. मुंबई-गोवा महामार्गावरील इंदापूरहून आत वळले की तळगडाच्या पायथ्याशी वसलेले हे रायगड जिल्ह्यातील गाव लागते. भाताची कापणी बहुतेक उरकली होती आणि मोकळ्या झालेल्या शेतांतून वाल पेरण्याची लगबग चालू होती. कोकणातल्या या वालाला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावरच तो वाढतो. मात्र ती ओल कोणासाठी थांबत नाही. पंधरा दिवस उशीर झाला की जमीन तीच, बी तेच, पण पीक हाती लागत नाही.

आमच्या स्नेह्यांचे बाजारपेठेत धान्य-किराण्याचे दुकान आहे. त्यांची कन्या तळ्यातच बी.एस्सी.च्या द्वितीय वर्षात रसायनशास्त्र शिकते. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून आम्ही ओटीवर बसलो असता तिने एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला. देशातील तीन विज्ञान अकादमी, म्हणजे बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस, मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन विद्यावृत्ती देतात. तिचेच ते माहितीपत्रक होते. अर्जाची मुदत महिनाअखेरीस संपत होती. गेल्या वर्षी ही गोष्ट तिला मार्चमध्ये कळली, तेव्हा मुदत संपून चार महिने झाले होते.

“काका, पप्पांना तुम्हीच समजावून सांगा,” ती म्हणाली.

स्नेही हसले, पण त्यांचा चेहरा गंभीर होता. “समजावण्यासारखे काही नाही,” ते म्हणाले. “माझे तीनच प्रश्न आहेत. पैसे कोण देणार? दोन महिने मुलगी परक्या गावी राहणार कोठे, जेवणार काय? आणि इतके करून हाती काय येणार?”

हे तीन प्रश्न आपल्या समाजातील शेकडो घरांत विचारले जातात आणि ते विचारण्यात काही चूक नाही. चूक होते ती उत्तर न शोधताच अर्जाची तारीख निघून जाऊ देण्यात. म्हणून आजचा लेख याच विषयाला वाहिला आहे.

पैसे कोण देणार?

ही योजना म्हणजे शिकवणी नव्हे आणि नोकरीही नव्हे. पदवीचे शिक्षण चालू असताना उन्हाळ्याच्या सुटीत साधारण दोन महिने विद्यार्थ्याने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत बसून खऱ्या संशोधनाचा लहानसा भाग स्वतः करावा, अशी ती कल्पना आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९६९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असा उपक्रम रीतसर सुरू केला. आज आपल्या देशातही अशा अनेक योजना आहेत. अकादमींच्या योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला दरमहा विद्यावृत्ती मिळते आणि रेल्वेचे जाण्यायेण्याचे भाडेही मिळते. रक्कम वेळोवेळी बदलते, म्हणून ती त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावी.

केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बारावीच्या परीक्षेत आपापल्या मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्यांना ती मिळू शकते. तिची वार्षिक रक्कम ८० हजार रुपये ठरवलेली आहे. त्यांपैकी ६० हजार शिक्षणासाठी आणि २० हजार उन्हाळ्यातील संशोधन प्रकल्पासाठी असतात. या दुसऱ्या भागाकडे कित्येक घरांचे लक्षच जात नाही.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. ‘संशोधनाची संधी’ असे नाव देऊन विद्यार्थ्याकडूनच शुल्क घेणारे आणि महिनाभराने प्रमाणपत्र हाती ठेवणारे वर्गही आज पुष्कळ निघाले आहेत. त्यांतून काही शिकायला मिळत असेलही. पण ते विकत घेतलेले प्रशिक्षण होय, विद्यावृत्ती नव्हे. विद्यावृत्तीत विद्यार्थ्याची निवड होते आणि पैसा संस्थेकडून विद्यार्थ्याकडे येतो. उलट दिशेने जात असेल तर दोनदा विचार करावा.

स्नेह्यांच्या मनात आणखी एक अडखळ होती. “दुसऱ्याच्या पैशावर मुलीने जायचे?” असे ते पुटपुटले. मी त्यांना म्हटले, की या गोष्टीत आपला समाज नवखा नाही. मुंबईच्या राजाबाई टॉवरसाठी देणगी देणारे प्रेमचंद रायचंद आपल्याला ठाऊक असतात. पण त्यांनी १८६६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून त्यांच्या नावाची विद्यावृत्ती सुरू झाली आणि बंगालमधील अनेक बुद्धिमान विद्यार्थ्यांना तिचा आधार मिळाला, हे फारसे कोणी सांगत नाही. कुंभोजला जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग गरीब मुलांसाठी खुला केला. आपल्या कष्टाचा मोबदला घेऊन शिकण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी महाराष्ट्राला शिकवले. प्रयोगशाळेत दोन महिने राबणारी मुलगी त्याच वाटेने जाते.

राहणार कोठे, जेवणार काय?

बहुतेक मोठ्या संस्थांत मुलींसाठी स्वतंत्र वसतिगृह असते किंवा संस्था राहण्याची सोय सुचवते. तरी निवडीचे पत्र येताच तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: खोली मिळेल का, भोजनगृहात कांदा-लसणाशिवाय जेवण मिळेल का, आणि ते किती वाजता मिळेल. संकोच बाळगू नये. असे प्रश्न तेथे नवे नसतात. बंगळूर, पुणे, मुंबई या शहरांत आपल्या समाजाची मोठी वस्ती आहे. भोजनशाळा आहेत, ओळखीची घरे आहेत. विद्यावृत्तीचा काळ साधारणपणे मे ते जुलै असल्याने त्याचा बराचसा भाग चातुर्मासापूर्वीच संपतो. डब्यात खाकरे, चटणी आणि भाजलेले धान्य असले की उरलेली अडचण फार मोठी राहत नाही.

शिवाय प्रत्येक वेळी दूरच जावे लागते असे नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ हा उपक्रम २००४ पासून चालू आहे. बी.एस्सी.च्या सुरुवातीच्या वर्षांतील विद्यार्थी तेथे आधी शिबिराला जातात आणि त्यांतून निवडलेले पुढे सुट्या-सुट्यांत येऊन प्रकल्प करतात. पनवेलहून मानखुर्दला थेट लोकल आहे. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्यातील आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र यांचेही उन्हाळी विद्यार्थी-कार्यक्रम असतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी गांधीनगर, मद्रास इत्यादी आय.आय.टी. उन्हाळी जागा जाहीर करतात. आपल्या शेजारच्या लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठातील मुलांनी त्या पाहाव्यात.

संशोधन ही दूरदेशची वस्तू आहे असे मानणाऱ्यांनी अलिबागही आठवावे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार आणि त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली गेली. नानाभाय मूस हे त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी झाली, जेणेकरून जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी जुळाव्यात. ते काम अलिबागला आजही चालू आहे आणि ते चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेलला आहे. शंभर वर्षांहून जुनी ही परंपरा आपल्याच जिल्ह्यातील आहे.

हाती काय येणार?

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी थेट दिले नाही. मी मुलीला विचारले, “अर्जात तू काय लिहिले आहेस?”

अर्जात विद्यार्थ्याने आपल्याला काय करावयाचे आहे ते थोडक्यात लिहायचे असते. तिने कागद आणला. त्यावर लिहिले होते, की तिला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे, ती कष्टाळू आहे आणि नामवंत संस्थेत काम करण्याचे तिचे स्वप्न आहे. हे सारे खरे होते. पण निवड करणाऱ्यांपुढे येणाऱ्या अर्जांच्या गठ्ठ्यात असे परिच्छेद किती असतील, याची कल्पनाच करावी. त्या परिच्छेदात तळा कोठेच नव्हते, आणि तीही नव्हती.

मी विचारले, “रसायनशास्त्रात तुला न सुटलेले असे एखादे कोडे आहे का? पुस्तकातले नको, घरातले सांग.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “शेजारच्या काकूंकडे वाल भिजवतात, मोड आणतात, सोलतात आणि बिरडे करतात. आपल्याकडे मोड चालत नाहीत, म्हणून आई नुसते भिजवून, पाणी टाकून, शिजवते. काकू म्हणतात, मोड आल्याशिवाय वाल पचत नाही. आई म्हणते, नीट भिजवून शिजवला की पचतो. दोघींपैकी बरोबर कोण?”

मला आनंद झाला, कारण या प्रश्नामागे एक मोठा इतिहास उभा आहे आणि तो तिला ठाऊक नव्हता.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. त्यांचे वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले होते. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे फिरल्या नाहीत. त्या स्वतः बंगळूरला जाऊन उभ्या राहिल्या आणि सत्याग्रहाच्या निश्चयाने प्रवेश मागितला. अखेर एक वर्ष काम पाहून मग ठरवू, अशा अटींवर त्यांना घेण्यात आले. त्यांनी तेथे दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते आणि पुढच्या मुलींसाठी ते दार उघडले. पुढे विद्यावृत्तीच्याच बळावर त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवून परतल्या. डॉ. कमला सोहोनी या नावाने महाराष्ट्र त्यांना ओळखतो.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी पुढे जे संशोधन केले, त्यात आपला वाल होता. पोटात प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन नावाचे एक विकर असते. काही कडधान्यांत या विकराचे काम अडवणारा घटक असतो. वालातील तो घटक शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळा केल्याचा त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्याचा निबंध १९५५ मध्ये ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे काकू आणि आई यांच्यातील वादाला प्रयोगशाळेत मोजता येईल असे रूप आहे. नुसत्या भिजवण्याने हा घटक किती कमी होतो, मोड आणल्याने किती होतो, आणि शिजवल्यावर दोहोंत काही फरक उरतो का, हे दोन महिन्यांत करून पाहता येण्याजोगे काम आहे.

मुलीचे डोळे चमकले. ती लगेच लिहायला बसली. तिने लिहिले, ‘बाजारातील वाल घेऊन त्याचे तीन भाग करीन.’ तोवर जमाखर्चाच्या वहीत डोके घालून बसलेले स्नेही एकदम म्हणाले, “कोणता वाल?”

“म्हणजे?”

“म्हणजे यंदाचा की गेल्या वर्षीचा? जुना वाल भिजायलाही वेळ घेतो आणि शिजायलाही. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन तक्रार करते. आणि कडवा घेणार की गोडा? कोठल्या शेतातला? अर्धा यंदाचा, अर्धा जुना घेतलास तर तुझा हिशेब कसा जुळेल?”

मी त्या मुलीकडे पाहिले. शास्त्रज्ञ ज्याला प्रयोगातील नियंत्रण म्हणतात, ते तिच्या वडिलांनी तीस वर्षे पोती हाताळून मिळवले होते. तिने ते वाक्य खोडून पुन्हा लिहिले: एकाच शेतातील, एकाच हंगामातील कडवा वाल; त्याच शेतातील गेल्या वर्षीचा वाल वेगळा. स्नेह्यांनी स्वतःच सांगितले, की अशी दोन पोती कोणाकडे मिळतील ते आपल्याला ठाऊक आहे.

‘हाती काय येणार?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांना बहुधा तेथेच मिळाले. निदान तो त्यांनी पुन्हा विचारला नाही.

अर्ज करताना

अशा अर्जाची तयारी कशी करावी, हे आता थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. उन्हाळ्यातील जागांचे अर्ज उन्हाळ्यात भरायचे नसतात. अकादमींची मुदत साधारणपणे नोव्हेंबरात संपते. इतर अनेक संस्थांची डिसेंबर ते मार्च या दरम्यान. परदेशातील काही योजनांची तर त्याहूनही आधी. ज्ञानपंचमीला पुस्तकांची पूजा करताना त्याच दिवशी या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवाव्यात, म्हणजे विसर पडणार नाही. तारीख नेहमी संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पडताळावी. फिरत आलेल्या संदेशावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट शिफारसपत्राची. ते ऐनवेळी मागू नये. किमान तीन आठवडे आधी आपल्या अध्यापकांकडे जावे आणि गुणपत्रके, केलेल्या प्रयोगांची यादी व आपल्या निवेदनाचा मसुदा त्यांच्या हाती द्यावा. लहान गावातील अध्यापकांना कधी वाटते, की आपल्या शब्दाला काय वजन? पण ‘ही मुलगी चुकलेला प्रयोग न सांगता पुन्हा करते’ एवढे पाहिलेले खरे वाक्य, गुणगौरवाच्या दहा ओळींपेक्षा उपयोगी पडते. अकादमींची विद्यावृत्ती अध्यापकांसाठीही असते. त्यांनीही अर्ज करावा.

तिसरी गोष्ट निवेदनाची. काय पाहिले, त्याविषयी आधी काय माहीत आहे, आणि दोन महिन्यांत काय करता येईल, या तीन भागांत ते लिहावे. एखाद्या शास्त्रज्ञाला स्वतंत्र पत्र पाठवायचे असल्यास त्याचे काम आधी वाचावे. एकच मजकूर पन्नास जणांना धाडणे म्हणजे कोणालाच न लिहिण्यासारखे आहे.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. गुणपत्रक, आधार आणि बँकेचे खाते यांवरील नाव एकच असावे. खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे असावे, कारण विद्यावृत्ती त्यातच जमा होते. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षेशी तारखा जुळतात का, हे महाविद्यालयात विचारून घ्यावे.

परदेशातील नातेवाइकांसाठीही एक शब्द. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पदवीपूर्व संशोधन योजनेत तेथील नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच घेतले जाते. न्यू जर्सीतील आपल्या भाच्याला ती लाभू शकते. तळ्यातून अर्ज करणाऱ्या मुलीला मात्र नाही. जर्मनीच्या ‘डाड’ आणि कॅनडाच्या ‘मायटॅक्स’ यांच्या योजनांत भारतीय विद्यार्थ्यांना वाव राहिला आहे. त्या त्या वर्षीचे नियम पाहून त्यांचा विचार करावा.

शेवटची गोष्ट नकाराची. जागा थोड्या आणि अर्ज फार असतात. चार-पाच ठिकाणी अर्ज करावेत आणि चारही ठिकाणांहून नकार आला तरी त्यावरून मुलीची किंवा मुलाची योग्यता ठरवू नये. कमलाबाईंना पहिले उत्तर नकाराचेच मिळाले होते. नीट लिहिलेले निवेदन पुढच्या वर्षी पुन्हा कामी येते. आणि वालाचा तो प्रयोग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही थोडाफार करून पाहता येतो.

मी निघालो त्या सकाळी दुकानाच्या फळ्या उघडल्या जात होत्या. स्नेह्यांनी दोन लहान पिशव्या काढून गल्ल्याशेजारी ठेवल्या होत्या. एकीवर यंदाचे वर्ष लिहिले होते, दुसरीवर गेल्या वर्षीचे. मुलगी शिफारसपत्रासाठी महाविद्यालयात गेली होती. तिची निवड होईल की नाही ते मार्चच्या सुमारास कळेल. या वर्षी तिचा अर्ज वेळेत पोहोचणार आहे, एवढे मात्र नक्की.

ज्या घरांत विज्ञानाचे किंवा अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, त्यांनी हा अंक बाजूस ठेवण्यापूर्वी मुलांना जवळ बसवून विचारावे, ‘यंदा अर्ज कोठे करायचा?’ आणि मग, शक्य असेल तर, त्यांनी लिहिलेले एकदा वाचूनही पाहावे.